पाहणाऱ्याचा खेळ

‘खेळ’ हा शब्द आपण दोन अर्थांनी योजतो. मुले पटांगणावर खेळतात तो खेळ, आणि नाटक मंडळी रंगभूमीवर करतात तोही खेळच. आमची घरची भाषा कोंकणी. गोव्यात इंत्रुजाच्या दिवसांत होणाऱ्या एका लोकनाट्याचे तर नावच ‘खेळ’ असे आहे. पहिला खेळ खेळणाऱ्यासाठी असतो व दुसरा पाहणाऱ्यासाठी, असा भेद आम्ही पुष्कळ वर्षे मनाशी बाळगून होतो. तो किती कच्चा आहे हे आमच्याच एका विद्यार्थ्याने आम्हांस दाखवून दिले.

हा मुलगा जुनी इंदूरमध्ये आमच्याच गल्लीत राहतो. इयत्ता नववी. मधल्या सुटीत भिडू वाटून घेताना त्याचे नाव नेहमी शेवटी येते. एके संध्याकाळी तो ओट्यावर बसून मोबाईलवर दुसऱ्यांच्या व्हिडिओ गेमचा सामना पाहत होता. स्वतः खेळत असता तर आम्ही नेहमीचा उपदेश करून पुढे गेलो असतो. परंतु दुसऱ्याचा खेळ नुसता पाहत बसणे हा आम्हांस दुप्पट आळस वाटला आणि आम्ही तसे बोलूनही दाखवले. मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, तुम्ही क्रिकेट पाहता. तुम्ही तरी कुठे खेळता?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. या शहरात तर ते कोणापाशीच नसावे. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. कर्नल सी. के. नायडूंचे षट्कार आणि मुश्ताक अलींचे पुढे सरसावून चेंडू फटकावणे यांच्या कथा ज्यांनी घरोघरी सांगितल्या, त्यांपैकी कितीजणांनी हातात बॅट धरली असेल? आकाशवाणीच्या समालोचनाने तर न दिसणारा खेळही लोकांना दाखविला. मराठीत बाळ ज. पंडित आणि हिंदीत आपल्या इंदूरचेच सुशील दोशी यांनी तो शब्दांनी उभा केला. दोशींना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ती खेळल्याबद्दल नव्हे! तेव्हा आम्ही मुलाला म्हणालो, “बरे, मग आम्हांलाही पाहावयास शिकव.”

तो पाहत असलेल्या खेळाचे नाव ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’. स्पर्धेच्या सामन्यात साधारणतः सोळा संघ असतात व प्रत्येकी चार भिडू. सारे चौसष्टजण एका विस्तीर्ण बेटावर विमानातून उडी घेतात. खाली उतरल्यावर शस्त्रे शोधावयाची, घर किंवा टेकडी पकडावयाची. नकाशावर एक वर्तुळ असते. ते ठराविक वेळाने लहान होत जाते आणि जो बाहेर राहील त्याची शक्ती झिजते. प्रतिपक्षाचे किती भिडू बाद केले याचे गुण मिळतातच, परंतु शेवटपर्यंत किती टिकलो याचेही मिळतात. अनेक सामन्यांच्या बेरजेवर विजेता ठरतो.

पहिल्या रात्री आम्हांस केवळ धूर आणि आवाज कळला. समालोचकही फार ओरडतात. त्यांनी दोशींची शिकवणी लावावी असे मनात आले. दुसऱ्या रात्री मुलगा म्हणाला, “सर, बंदुकीकडे पाहू नका. कोपऱ्यातल्या नकाशाकडे पाहा.” त्या एका सूचनेने सारे चित्र पालटले. एक संघ दुमजली घरात सुखाने बसला होता. नवे वर्तुळ टेकडीपलीकडे पडले. आता त्यांना घर सोडणे भाग होते. वाटेतील गवतात दुसरा संघ दबा धरून होता. घरातल्यांना ते दिसत नव्हते, आम्हांला मात्र दिसत होते. दार उघडले, चौघे बाहेर पडले, आणि आमच्या तोंडून नकळत “अरे, थांबा!” असे निघून गेले.

‘सानंद’च्या नाट्यप्रयोगांना जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. पडद्यामागे कोण लपले आहे हे प्रेक्षक जाणतो, नायक जाणत नाही. नाट्य उभे राहते ते या अंतरातूनच. खेळाडूपाशी स्वतःचा एक कोपरा असतो, संपूर्ण खेळ प्रेक्षकालाच लाभतो. चौसष्टांपैकी कोणाच्या डोळ्यांनी पाहावे हे ठरविणारा एक स्वतंत्र मनुष्य असतो, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. तो चुकीच्या ठिकाणी रेंगाळला की खरी लढत आपल्या दृष्टीआड होते. आमचा विद्यार्थी आता त्याच्याही चुका काढतो!

या पाहण्याला जगात मान्यता मिळून पुष्कळ काळ लोटला. दक्षिण कोरियात अशा खेळांसाठीच एक दूरचित्रवाणी वाहिनी २००० साली सुरू झाली, आणि २००४ साली बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर एक अंतिम सामना पाहण्यास लाखभर लोक लोटल्याचे सांगतात. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत या खेळांना पदके होती. आपल्याकडे वर सांगितलेल्या खेळाची स्पर्धा २०२२ साली स्टार स्पोर्ट्सवर दाखविली गेली. त्याच वर्षी जुलैअखेर शासनादेशाने तो खेळ बंद झाला व मे २०२३ मध्ये परतला.

पालकांची धास्ती खोटी नाही. मुलाच्या आईने मोबाईल काढून घेण्याचे ठरविलेच होते. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-क्रीडेला त्यांपासून वेगळे मानले, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांचे म्हणणे निराळेच होते. “सर, तो पैसे लावणार नाही हे मला माहीत आहे. पण एका दिवसात सहा सामने असतात. अभ्यास कधी करायचा?” एका सामन्यास अर्धा तास धरला तरी हे गणित बिनतोड होते. शेवटी असे ठरले की दिवसाला दोनच सामने, तेही मधल्या खोलीत सर्वांसमोर, आणि वहीत प्रत्येकाची टिपणे. त्या वहीतील मराठी त्याच्या निबंधाच्या वहीतल्यापेक्षा सरस आहे. कोणता संघ का हरला हे सांगताना त्याला शब्द शोधावे लागत नाहीत.

मधल्या खोलीत त्याचे आजोबाही बसतात. मुश्ताक अलींना खेळताना पाहिलेल्या वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी ते अजून सांगतात. प्रारंभी ते पाठ फिरवून वर्तमानपत्र वाचत. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलेले होते, आणि चष्मा पुसत ते नातवाला विचारत होते, “वर्तुळ कुठे पडले रे?”