ठेच लागली, पण मलाच का?



माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस तापाने गैरहजर होता. आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "बाई, मला दृष्ट लागली होती." मी हसले. वर्गही हसला. त्यानंतर तो घरचं काही सांगेनासा झाला. माझं काय चुकलं, ते एका जुन्या अभ्यासातून कळलं. तोच आज पाहू.

इव्हान्स-प्रिचर्ड हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संशोधक विद्यार्थी. १९२६ साली ते आफ्रिकेत, आजच्या दक्षिण सुदानमध्ये, अझांदे लोकांकडे गेले. त्यांच्यात राहिले, त्यांची भाषा शिकले. आजारपण, अपघात, मृत्यू यांचा अर्थ हे लोक कसा लावतात, ते त्यांनी टिपून ठेवलं. १९३७ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक निघालं.

त्यातला एक प्रसंग बघा. एका मुलाला वाटेतल्या खुंटाची ठेच लागली. पायाचं बोट कापलं, जखमेत घाण गेली, ती चिघळली. मुलगा म्हणाला, हे चेटूक आहे. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी वाद घातला. खुंटाचा चेटकाशी संबंध नाही, हे मुलाला मान्यच होतं. पण एरवी मी बघून चालतो, मग आजच तो कसा दिसला नाही? बाकीच्या जखमा लवकर भरतात, मग हीच का चिघळली?

म्हणजे "कसं झालं?" हे अझांदेंना कळत होतं. चेटूक हे "मलाच का? आत्ताच का?" याचं उत्तर होतं. आपला जंतूंचा पाठ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसरा प्रश्न मुलाच्या मनात तसाच राहतो.

याचा अर्थ चेटूक किंवा दृष्ट खरी असते, असा मुळीच नाही. जखम धुवायचीच, ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचंच. पण आधी मुलाला विचारा, "तुला काय वाटतं, कशामुळे झालं? घरी काय केलं?" आपण हसलो की मूल गप्प होतं, आणि पुढचं दुखणं आपल्याला उशिरा कळतं.

वर्गात हा प्रसंग सांगा. फळ्यावर "कसं?" आणि "मलाच का?" असे दोन रकाने करून मुलांची उत्तरं लिहा.

मी त्या मुलाला पुन्हा विचारलं, "मग आईने काय केलं रे?"

"मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि लगेच दवाखान्यात नेलं."

हे दुसरं वाक्य त्या दिवशी मी ऐकूनच घेतलं नव्हतं.