जुन्या थडग्यांवरील लेख कसे वाचावे?

शास्त्रपाठ : ईयोब १९:२३-२७

ईयोबानें आपल्या दुःखांत अशी इच्छा केली कीं, आपले शब्द लोखंडी लेखणीनें खडकांत कायमचे कोरले जावे. मनुष्याला खडक टिकाऊ वाटतो. परंतु ज्यांनीं जुनीं थडगीं पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, ऊन, पाऊस व शेवाळ ह्यांपुढें दगडहि झिजतो. मग त्यावरील नांव कोणीं वाचावें, आणि कसें? ह्या पाठांत प्रथम एका फार जुन्या ख्रिस्ती थडग्याची हकीकत पाहूं, आणि मग आपल्या गांवच्या थडग्यांकडे वळूं.

मोडलेलें वृत्त

हल्लींच्या तुर्कस्तानांत पूर्वीं फ्रुगिया नांवाचा प्रांत होता. पौल त्या प्रांतांतून गेला (प्रे. कृ. १६:६). तेथें इ. स. १८८१ सालीं विल्यम रॅमझे ह्या स्कॉटिश पंडितास थडग्याचा एक दगड सांपडला. त्यावर अंतोनियाचा पुत्र आलेक्सांद्र ह्याचें नांव व तेथील शकाचें ३०० वें वर्ष, म्हणजे इ. स. २१६, कोरलेलें होतें. लेख ग्रीक पद्यांत होता. परंतु जेथें आलेक्सांद्राचें नांव येतें तेथेंच वृत्त मोडत होतें. अभंगांतील एक नांव काढून त्या जागीं दुसरें लांब नांव घातलें म्हणजे चाल अडखळते, तसेंच हें झालें होतें. ह्यावरून लेख मूळचा दुसऱ्या कोणाचा आहे, हें उघड झालें.

तो कोणाचा? रोम येथील दे रोस्सी व फ्रान्समधील द्युशेन ह्या पंडितांनीं ओळखलें कीं, अबर्किउस नांवाच्या बिशपाच्या जुन्या ग्रीक चरित्रांत त्याच्या थडग्यावरील लेख म्हणून असेच शब्द उतरून ठेवलेले आहेत. पुढें १८८३ सालीं हिएरोपोलिस नगराच्या जागेजवळ, उष्ण झऱ्यावरील स्नानगृहाच्या भिंतींत, रॅमझे ह्यांना मूळ दगडाचेच दोन तुकडे मिळाले. आलेक्सांद्रानें नक्कल केली ती इ. स. २१६ सालीं, तेव्हां मूळ लेख त्याहून जुना असला पाहिजे. हे तुकडे आतां रोम येथें व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आहेत. (कलस्सै. ४:१३ मध्यें उल्लेखिलेलें हिएरापोलिस नगर निराळें. एका अक्षराच्या फरकानें गांव बदलतें, हें वाचणारानें ध्यानांत ठेवावें.)

दगड काय सांगतो?

अबर्किउस सांगतो कीं, आपण पवित्र मेंढपाळाचे शिष्य आहों. आपण रोमास गेलों, सूरिया देश पाहिला, फरात नदी ओलांडली आणि सर्वत्र आपल्याला सोबती भेटले. विश्वास पुढें चालला व त्यानें जागोजागीं अन्नासाठीं मासा दिला. भाकर व द्राक्षारसहि दिला. मासा कां? ग्रीक भाषेंत माशाला ‘इख्थुस्’ म्हणतात. त्या शब्दाचीं पांच ग्रीक अक्षरें म्हणजे येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा ह्या अर्थाच्या पांच ग्रीक शब्दांचीं आद्याक्षरें होत. ज्यास खूण ठाऊक त्यास लेख उघडा. इतरांस तें केवळ प्रवासाचें वर्णन. म्हणूनच १८९४ सालीं एका जर्मन विद्वानानें हा लेख ख्रिस्ती नव्हेच असें म्हटलें. परंतु आज बहुतेक अभ्यासक तो ख्रिस्तीच मानतात.

तुटलेल्या जागीं काय करावें, हेंहि ह्या दगडावरून शिकावें. ग्रीक लोक अशा लेखांत अक्षरें सलग कोरीत. मोडी वाचणाऱ्या आपल्या वडील मंडळींस शब्द न तोडतां लिहिण्याची ही रीत ठाऊक होती. एका ओळींत पौलाचें नांव स्पष्ट आहे, परंतु पुढचा शब्द अर्ध्यावर तुटला आहे. कोणी तो ‘रथांत’ असा पुरा करितात. मग कूशी षंढ जसा रथांत यशया वाचीत होता (प्रे. कृ. ८:२८), तसा अबर्किउस पौलाचीं पत्रें जवळ बाळगून प्रवास करी, असा अर्थ होतो. दुसरे ‘मागोमाग गेलों’ असें वाचितात. पहिला अर्थ आपणांस गोड वाटतो. पण गोड वाटतो म्हणून तोच दगडावर आहे, असें म्हणतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट. शेवटीं अबर्किउस विनवितो कीं, ज्यास हें समजेल त्यानें माझ्यासाठीं प्रार्थना करावी. मृतांसाठीं प्रार्थना करण्याची रीत आपल्या मंडळ्यांत नाहीं. म्हणून ती ओळ झांकावी काय? नाहीं. आपल्या मताला सोयीची ओळ वाचणें आणि गैरसोयीची गाळणें, ही खोटी साक्ष होय. जो दगड खरेपणानें वाचतो तोच शास्त्रहि खरेपणानें वाचील.

आपल्या गांवचीं थडगीं

आपल्या मंडळीच्या पहिल्या विश्वासणाऱ्यांपैकीं पुष्कळांचें नांव आज एखाद्या दगडावरच उरलें असेल. उपदेशकांनीं तरुणांना बरोबर घेऊन पुढीलप्रमाणें काम करावें :

१. सकाळीं किंवा सायंकाळीं जावें. ऊन तिरपें पडलें म्हणजे अक्षरांच्या खांचांत सावली भरते व पुसट अक्षर दिसूं लागतें. दगड सावलींत असल्यास आरशानें बाजूनें उजेड टाकावा.

२. स्वच्छ पाणी व मऊ कुंचला ह्यांपलीकडे कांहीं वापरूं नये. तारेचा ब्रश व आम्ल ह्यांनीं उरलेलें अक्षरहि जातें. दगड भुगा होत असेल तर त्यास हात लावूं नये, छायाचित्र घ्यावें.

३. ओळीस ओळ व अक्षरास अक्षर उतरावें. चुकीचें शुद्धलेखनहि सुधारूं नये. गेलेल्या अक्षराच्या जागीं टिंब द्यावें. तर्क केल्यास तो कंसांत लिहावा.

४. दोघांनीं वेगवेगळें उतरून मग ताडून पाहावें. आंकड्यांस विशेष जपावें; झिजलेला १ व ९ सहज एकसारखे दिसतात. वर्ष शालिवाहन शकाचें असल्यास ७८ मिळवावे. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात.

५. मंडळीचें पुरण्याचें नोंदपुस्तक व गांवांतील वृद्ध ह्यांस विचारून मगच नांव नक्की करावें.

हें काम लांबणीवर टाकूं नये. अबर्किउसाची शिळा फुटली. आज तिचे दोनच तुकडे उरले आहेत. लेख पूर्ण कळतो तो कोणीं तरी वेळेवर उतरून ठेवला म्हणून. ईयोबानेंहि खडकाची इच्छा केली, पण भरंवसा खडकावर ठेविला नाहीं. आपला उद्धारक जिवंत आहे, ह्यावर ठेविला. देव आपल्या लोकांस विसरत नाहीं. परंतु ज्यांच्या श्रमानें सुवार्ता आपल्या दारीं आली त्यांचीं नांवें मुलांस सांगणें, हें आपलें कर्तव्य आहे.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. आलेक्सांद्राचा लेख नक्कल आहे, हें कशावरून कळलें?
२. माशाच्या खुणेचा अर्थ काय?
३. तुटलेल्या शब्दाविषयीं आपण काय बोलावें व काय बोलूं नये?
४. आपल्या मंडळींतील सर्वांत जुनें थडगें कोणाचें? तें कोणीं वाचलें आहे काय?