‘नैसर्गिक’ म्हणजे शुद्ध काय? खनिजपूरकांविषयी थोडे विवेचन

पालकभेटीच्या दिवशी वसतिगृहात भाकरी-चटणीच्या डब्यांबरोबर हल्ली एक नवी वस्तू येऊ लागली आहे. गेल्या वर्षी आठवीतील एका मुलीच्या वडिलांनी काळसर द्रवाची लहानशी बाटली माझ्या हाती दिली. “सर, पोरगी लई लवकर दमते. हे डोंगरातलं हाय, शंभर टक्के नैसर्गिक. रोज दहा थेंब द्या.” बाटलीची किंमत त्यांच्या चार दिवसांच्या मजुरीएवढी होती. तिच्यावर ‘बहात्तर खनिजे’ असे ठळक छापले होते. कोणते खनिज किती, हे कोठेच नव्हते. ती बाटली मी मुलीला दिली नाही. त्या नकाराचे कारण तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही. ते येथे सर्व पालकांसाठी व माजी विद्यार्थ्यांसाठी मांडतो.

लोह, जस्त, आयोडीन, तांबे, सेलेनियम ही खनिजे शरीराला अत्यावश्यक आहेत. परंतु त्यांची गरज अत्यल्प असते. प्रौढ व्यक्तीला दिवसाकाठी आयोडीन लागते अवघे १५० मायक्रोग्रॅम. गरज इतकी सूक्ष्म असल्यामुळे मोजमापातील चूकही महागात पडते. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलवरील प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम गेले आणि दहा राज्यांतील २०१ लोक आजारी पडले. त्यांचे केस गळले, नखे विद्रूप झाली. अन्नघटक तोच, केवळ मात्रा चुकली.

दुसरा धोका भेसळीवाचून उद्भवतो. निसर्ग उपकारक आणि अपायकारक द्रव्यांच्या वेगवेगळ्या पुड्या बांधून ठेवत नाही. जस्ताच्या खनिजासोबत शिसे आणि कॅडमियमही आढळतात. आपल्याच यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात खडकांतून उतरलेले फ्लोराइड आहे. ते पाणी नितळ दिसते, कोणी त्यात काही मिसळलेले नसते. तरीही लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दातांवर डाग पडतात, हाडे जखडतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दोन नोंदी सांगतो. अमेरिकन अभिनेत्री अ‍ॅलिसन हेज यांनी हाडांच्या भुकटीपासून केलेले कॅल्शियमचे पूरक दीर्घकाळ घेतले. प्राण्यांच्या हाडांत शिसे साठत जाते. ते त्या भुकटीतून त्यांच्या शरीरात गेले आणि त्या अपंगत्वाच्या उंबरठ्यावर पोहोचल्या. दुसरी नोंद २००४ ची. बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने संशोधकांनी तपासली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिशाचे भय मुलांना सर्वाधिक, कारण वाढत्या मेंदूवर त्याचा होणारा परिणाम सहसा भरून येत नाही. आणि डोळ्यांना, जिभेला ते कळत नाही. प्रयोगशाळा ज्याला ‘दशलक्षात एक भाग’ म्हणते, ते म्हणजे एक टन धान्यात एक ग्रॅम. एवढे हुडकायला यंत्रच हवे.

याचा अर्थ पूरके निषिद्ध आहेत असा नव्हे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी होता. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधेच मीठ ठेवले आणि तुलना केली. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेथे उपयोगी पडले ते मोजून मिसळलेले आणि तपासलेले आयोडीन. आज ‘नैसर्गिक’ म्हणून आयोडीनविरहित सैंधव रोजच्या स्वयंपाकात वापरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

म्हणून पूरक विकत घेण्यापूर्वी एवढे पाहावे. प्रत्येक खनिजाचे नाव व प्रमाण लिहिले आहे काय? उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, मुदत आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे काय? परवाना म्हणजे त्या बाटलीच्या तपासणीची हमी नव्हे. म्हणून त्याच बॅचचा जड धातूंचा चाचणी अहवाल मागावा. ‘सर्व रोगांवर गुणकारी’ असा दावा असेल, तर बाटली खाली ठेवावी. आणि मुलांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून काहीही देऊ नये.

त्या मुलीला आम्ही ग्रामीण रुग्णालयात नेले. रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याही ठरावीक मात्रेत आणि ठरावीक काळासाठी. जेवणात बाजरी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे-गूळ वाढवले. लोह अंगी लागावे म्हणून जेवणाबरोबर लिंबू दिले आणि जेवणालगतचा चहा बंद केला. काही महिन्यांनी ती खो-खोच्या संघात होती. पुढच्या पालकभेटीला तिचे वडील बाटलीऐवजी पिशवीभर लिंबे घेऊन आले.

या शाळेतून बाहेर पडलेल्या अनेकांनी परिचारिका, औषधनिर्माते, रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून नाव काढले आहे. त्यांना एकच विनंती: आपापल्या वस्तीत अशी बाटली दिसली, तर हसून सोडून देऊ नका, शेजारी बसून तिचे लेबल वाचून दाखवा. एखाद्या वस्तूची शुद्धता तिच्या उगमावरून ठरत नाही, ती तपासणीवरूनच ठरते. हे आपल्याला कळले असेल, तर ते घरोघरी पोहोचवणे हेही आपलेच काम आहे.