पै-पैशाचा लिलाव : सॉफ्टवेअर निवडण्याआधी



देवळात किंवा सार्वजनिक गणपतीच्या मंडपात होणारी पावणी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. देवाला वाहिलेला नारळ हातात धरून पुकारणारा ‘एक वार, दोन वार’ म्हणत राहतो, बोली चढत जाते आणि ‘तीन वार’ झाले की शेवटची बोली ज्याची, त्याला नारळ मिळतो. ज्यांची बोली मागे पडली त्यांच्या खिशातून एक पैसाही जात नाही. हा नियम लक्षात ठेवा, आजचा पाठ त्यावरच आहे.

यंदा वाचनालयाच्या निधीसाठी दहावीच्या काही मुलांनी सुचवले की शाळेने इंटरनेटवर ‘पेनी ऑक्शन’, म्हणजे पै-पैशाचा लिलाव चालवावा. कल्पना उत्साहाने मांडलेली होती. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे पाहून कळवा, असे विश्वस्तांनी आम्हा संगणक शिक्षकांना सांगितले. आम्हाला जे आढळले ते येथे मांडत आहोत.

हा लिलाव चालतो कसा?

या प्रकाराला नाव मिळवून दिले ते जर्मनीतील एका कंपनीने. २००५ मध्ये ‘टेलीबिड’ म्हणून सुरू झालेले तिचे संकेतस्थळ पुढे ‘स्वूपो’ या नावाने अमेरिकेतही पोहोचले. येथे बोली लावण्याचेच पैसे पडतात आणि ते परत मिळत नाहीत. प्रत्येक बोलीने वस्तूची किंमत अगदी थोडी वाढते आणि घड्याळात काही सेकंदांची भर पडते. घड्याळ शून्यावर येईल तेव्हा शेवटची बोली ज्याची, त्याने वाढलेली किंमत भरून वस्तू न्यायची.

उदाहरण घेऊ. वस्तू १,००० रुपयांची आहे. एका बोलीचे ५ रुपये पडतात आणि प्रत्येक बोलीने किंमत १० पैशांनी वाढते. लिलाव ४० रुपयांवर संपला, म्हणजे एकूण ४०० बोल्या लागल्या. बोल्यांचे २,००० आणि किमतीचे ४० मिळून चालकाकडे २,०४० रुपये आले. जिंकणाऱ्याने ६० बोल्या लावल्या असतील तर त्याला वस्तू ३४० रुपयांत पडली. ‘हजाराची वस्तू चाळीस रुपयांत’ अशी जाहिरात होते ती याच्याच जोरावर. उरलेल्या ३४० बोल्यांचे १,७०० रुपये ज्यांनी भरले, त्यांच्या हाती काहीच आले नाही.

सॉफ्टवेअरमध्ये काय पाहावे?

१. घड्याळ. वेळ मोजली पाहिजे ती सर्व्हरवर. बोली लावणाऱ्याच्या संगणकावरचे घड्याळ पुढेमागे असू शकते आणि कोणी ते मुद्दामही बदलू शकतो.

२. एकाच क्षणी आलेल्या दोन बोल्या. एकीची नोंद पुरी होईपर्यंत दुसरीला थांबवण्याची सोय डेटाबेसमध्ये हवी. नाहीतर पैसे दोघांचे कापले जातात आणि किंमत एकदाच वाढते.

३. जमाखर्च. प्रत्येक बोली कोणी, केव्हा लावली आणि किती पैसे कापले याची पुसता न येणारी नोंद हवी. लिलाव मध्येच बंद पडला तर पैसे परत देता येतात ते तिच्याच आधाराने.

४. पैसे भरणे. कार्डाचे क्रमांक आपल्या संगणकावर साठवू नयेत. ते काम बँकेने किंवा मान्यताप्राप्त सेवेने करावे.

५. आपोआप बोली. ठरावीक मर्यादेपर्यंत ग्राहकाच्या वतीने प्रोग्रॅमच बोली लावत राहतो. सोय म्हणून ही असते, पण तिच्यामुळे किती पैसे गेले हे लगेच ध्यानात येत नाही.

६. खोटे ग्राहक. काही तयार सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते की ठरवलेली रक्कम जमेपर्यंत बनावट नावांनी प्रोग्रॅमच बोली लावत राहील. पावणीत पुकारणाऱ्यानेच गर्दीत आपली माणसे उभी करावीत, तसे हे झाले. ही उघड फसवणूक आहे. सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली वाचायला मिळत नसेल, तर अशी सोय आत दडलेली नाही याची खात्री करता येत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०११ मध्ये अशा लिलावांबद्दल ग्राहकांना सावध केले होते. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकांना चकवणाऱ्या १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत ‘खोटी घाई’ हाही एक प्रकार आहे.

चिंचोक्यांचा लिलाव

समजा, या सगळ्या कसोट्यांना उतरणारे सॉफ्टवेअर मिळाले. मग प्रश्न सुटला का? हे पाहण्यासाठी आम्ही वर्गात प्रत्येकाला ३० चिंचोके दिले आणि एका पेनासाठी लिलाव पुकारला. एका बोलीला एक चिंचोका. कोणतीही लबाडी नव्हती. थोड्याच वेळात एका मुलाचे सगळे चिंचोके संपले आणि तो शेजाऱ्याकडे उसने मागू लागला. आम्ही म्हटले, ‘‘आता सोड की.’’ तो म्हणाला, ‘‘सर, इतके घातले, आता कसे सोडू?’’

याच वाक्यावर हा धंदा चालतो. नेड ऑगेनब्लिक या अर्थशास्त्रज्ञाने १,६६,००० लिलावांची आकडेवारी तपासून २०१६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. चालकाचा सरासरी नफा ५० टक्क्यांहून अधिक निघाला. बुडालेल्या पैशांपायी आणखी पैसे घालण्याची माणसाची सवय, हे त्याचे कारण त्यांनी दाखवले. एवढे असूनही स्वूपोने मार्च २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. रिकाम्या हाताने गेलेला ग्राहक सहसा परत येत नाही, म्हणून अशा धंद्याला सतत नवी माणसे लागतात. आपल्या शाळेला मात्र तेच पालक, तेच माजी विद्यार्थी वर्षानुवर्षे हवे आहेत.

आमचा अभिप्राय

वस्तू देणगीदाखल मिळाली असती, तर वरच्या उदाहरणातले सगळे २,०४० रुपये वाचनालयाला मिळाले असते. साध्या लिलावात बहुधा इतके येणार नाहीत, हे आम्ही विश्वस्तांना स्पष्ट सांगितले आहे. तरीही हरलेल्यांच्या पैशांवर पुस्तके घेऊ नयेत, असे आमचे मत आहे. स्नेहसंमेलनात नेहमीची पावणी ठेवावी. दहावीच्या मुलांनी पै-पैशाच्या लिलावाचा प्रोग्रॅम वर्गात जरूर लिहावा, त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र त्यात पैशांऐवजी चिंचोकेच असावेत. अंतिम निर्णय विश्वस्तांचा आहे.

स्वाध्याय

१. एका बोलीचे १० रुपये, प्रत्येक बोलीने किंमत १ रुपयाने वाढते, लिलाव ७५ रुपयांवर संपला. चालकाकडे एकूण किती रुपये आले?

२. जिंकणाऱ्याने १२ बोल्या लावल्या असतील तर त्याला वस्तू कितीला पडली? इतरांचे मिळून किती गेले?

३. ‘इतके घातले, आता कसे सोडू?’ असे तुम्हाला केव्हा वाटले होते? घरच्यांशी बोलून दहा ओळी लिहा.

(उत्तरे : १. ८२५ रुपये. २. १९५ रुपये, ६३० रुपये. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे.)