फ्लशची टाकी गळते तेव्हा

प्लंबर ‘संध्याकाळी येतो’ म्हणतो. कुठल्या संध्याकाळी, हे विचारायचं आपल्याकडून राहून जातं. तोवर टाकी गळत राहते. अशाच वाट पाहण्यात मी टाकीचं झाकण उचलून आत बघायला शिकले. आता आमच्या मजल्यावरच्या बायका हार्डवेअरच्या दुकानात जाण्याआधी माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे.

१. हल्लीची टाकी गुपचूप गळते. जुन्या चाळींत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये उंचावर बसवलेली, साखळी ओढायची बिडाची टाकी आठवते? साखळी ओढून सोडली की आतली बिडाची घंटा खाली आदळायची आणि सायफनने सगळं पाणी ओढलं जायचं. तळाला रबरी झडप नव्हतीच, त्यामुळे तिथून झिरपायचा प्रश्न नव्हता. जास्तीचं पाणी वेगळ्या नळीतून बाहेर, सगळ्यांच्या देखत पडायचं. ब्रिटनमध्ये तर नव्या घरगुती टाकीला सायफनच हवा, झडप चालणार नाही, असा नियम २००१ पर्यंत होता. आपल्या आताच्या टाकीत तळाला झडप असते आणि ओव्हरफ्लोची नळीही आतच असते. पाणी परस्पर भांड्यात उतरतं. फरशी कोरडी, भिंत कोरडी, सगळं आलबेल. सेकंदाला एक मिलिलिटर, म्हणजे धड धारही नाही, एवढं जरी गेलं तरी दिवसाला ८६ लिटर होतात. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका माणसाच्या वाट्याचं जवळपास दोन तृतीयांश पाणी न वापरता गेलं.

२. खात्री करायला कपड्यांची नीळ पुरते. टाकीत थोडी टाकायची आणि अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. (घरात सांगून ठेवा. नेमकी तेव्हाच सगळ्यांना घाई होते.) भांड्यातलं पाणी निळं झालं, तर टाकी गळते.

३. कुठून गळते, हे मात्र निळीवरून कळत नाही आणि पैसे वाया जातात ते इथेच. त्यासाठी आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची खूण करा, भिंतीजवळचा अँगल कॉक बंद करा आणि तासाभराने बघा. पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं असेल, तर तळाचं सील गळतंय. पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी येऊन थांबली असेल, तर सील ठीक आहे. पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. हे न पाहता ‘पूर्ण सेट बदलावा लागेल’ असं कोणी म्हणालं, तर मी आधी चहा देते आणि मग पेन्सिलची खूण दाखवते.

४. अँगल कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. तो जाम असेल तर पक्कड लावून जोर करू नका. आतला दांडा तुटला की पाणी थांबवायचा उपायच हातात राहत नाही. गच्चीवरचा आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह वॉचमनकडून बंद करून घ्या आणि मगच कॉकला हात लावा. चालू असलेला कॉक अधूनमधून उघडझाप करत राहावा, म्हणजे ही वेळ येत नाही.

५. सील म्हणजे रबराची किंवा सिलिकॉनची एक चकती. टाकीतला फ्लशचा खांब धरून डावीकडे पाव वळसा दिला की बहुतेक टाक्यांत तो वर निघतो आणि चकती त्याच्या बुडाशी दिसते. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचे क्षार तिच्या कडेवर पांढरा थर होऊन बसतात. त्या थराच्या बारीकशा फटीतून पाणी वाट काढतं. चकती व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून बोटांनी चोळा. चकती जिथे टेकते ती प्लास्टिकची बैठकही पुसा, कारण थर तिथेही असतो आणि ती बहुतेक जण विसरतात. दुकान बंद असेल तर चकती उलटी करून बसवा, काही दिवस निभावतं. पण रबर फुगलं असेल किंवा बोटाला काळं लागत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, नवी आणा. दुकानात जाताना जुनी चकती पिशवीत न्या. ‘सगळ्यांना बसते’ म्हणून मिळणारी बरेचदा कोणालाच नीट बसत नाही.

टाकीत सोडायच्या क्लोरीनच्या वड्या मी बंद केल्या. त्यांनी रबर लवकर सडतं. संडास धुवायचं ऍसिडही टाकीत ओतू नये, आणि ऍसिड व ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

६. भरणारा व्हॉल्व्ह बिघडतो तो बहुधा पाणीकपातीच्या दुसऱ्या दिवशी. गढूळ पाण्यातला वाळूचा एक कण आतल्या पडद्यात अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि सूं सूं आवाज रात्रभर चालू राहतो. कॉक बंद करून व्हॉल्व्हची टोपी काढा, उघड्या तोंडावर पेला उपडा धरा आणि कॉक दोन-चार सेकंद उघडा. कचरा उडून जातो. पेला नसेल तर तो तुमच्या तोंडावर उडतो. मग पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली इंचभर राहील असा स्क्रू फिरवा. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब येतो, त्यामुळे गच्चीच्या टाकीवरून पाणी येणाऱ्या इमारतीत खालच्या मजल्यांवरचे व्हॉल्व्ह जास्त कुरकुरतात.

७. प्लास्टिकचे नट हाताने आवळावेत, वर फार तर पाव वळसा. पाणी अडवायचं काम आतला वॉशर करतो, जोर नाही. त्या नटांना टेफ्लॉन टेपही लागत नाही. टेप भिंतीतल्या धातूच्या आट्यांना. चिनी मातीच्या टाकीला जास्त आवळून चीर गेली, तर पुट्टी भरत बसू नका, टाकी बदला.

८. खालच्या घराच्या छताला ओल आली असेल, तर सील किंवा भरणारा व्हॉल्व्ह हे कारण नसतं, कारण त्यांचं सगळं पाणी भांड्यातच जातं. तिथे टाकीबाहेरचा जोड दोषी असतो: कनेक्शन पाइप, टाकीचे बोल्ट किंवा भांड्याला जोडणारी नळी. सगळं कोरडं पुसून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. जो आधी भिजेल तो जोड. कागद कोरडे राहिले आणि ओल वाढतच गेली, तर पाणी भिंतीच्या किंवा फरशीच्या आतून येतंय. त्यासाठी फोडाफोड लागते आणि ते काम प्लंबरचंच. हे कागद मात्र त्याला दाखवा, निदान टाकीचे जोड तरी तो पुन्हा उघडणार नाही.