हारान सोडल्यावर

वाचन : उत्पत्ती १२:१ ते १३:४



जून जवळ आला की आपल्यापैकी कोणी ना कोणी शिक्षक नव्या नेमणुकीवर निघतो. निरोप देताना आपण त्याला अब्राहामाची आठवण करून देतो : देवाने बोलावले आणि तो निघाला. उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, 'अ' वर्षात, हेच वाचन देवळात होते. पण ते चौथ्या वचनापाशी थांबते. पोहोचल्यावर काय झाले ते घरी वाचावे लागते, आणि परगावी गेलेल्या माणसाला त्याचीच जास्त गरज असते.

अब्राम (हे त्याचे पहिले नाव) तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. पत्नी साराय, पुतण्या लोट आणि सगळा बाडबिस्तरा घेऊन तो कनान देशात शखेमला आला. तेथे कनानी लोक आधीच राहत होते, हे शास्त्र मुद्दाम सांगते. आणखी एक गोष्ट पाहा. निघताना देवाने देशाचे नाव सांगितले नव्हते, दाखवीन एवढेच म्हटले होते. हाच तो देश, हे वचन त्याला तेथे पोहोचल्यावर मिळाले. मग त्याने वेदी बांधली. पुढे बेथेलजवळ तंबू ठोकला, तेथे दुसरी बांधली. घर बांधल्याचा उल्लेख नाही.

२००४ च्या जूनमध्ये आम्हा दोघा नवराबायकोंना जव्हारच्या पुढे, एकाच केंद्रातील दोन शाळांवर शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. महिना तीन हजार मानधन, तीन वर्षे. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. वसईत आई एकटी राहणार होती. तिने घरच्या अल्तारावरचा छोटा क्रूस काढून आमच्या पिशवीत घातला. भाड्याच्या खोलीत फळीवर, मीठ-मसाल्याच्या डब्यांशेजारी तो ठेवला आणि रोज संध्याकाळी रोझरी सुरू केली. रविवारच्या मिस्साला दोन एसट्या बदलून जावे लागे. पावसाळ्यात तेही चुकत असे. तरी आम्हाला वाटले, चला, आपली वेदी बांधून झाली.

आता दहावे वचन वाचा. दुष्काळ पडला आणि अब्राम मिसरला गेला. जिवाच्या भीतीने त्याने पत्नीला बहीण म्हणायला लावले, आणि तिला फारोच्या घरी नेले. या प्रवासात त्याने देवाला विचारल्याचे कोठे लिहिलेले नाही. मिसरमध्ये वेदीही नाही. एवढा मोठा विश्वासू माणूस, पण निघताना न डगमगलेला, पोहोचल्यावर डगमगला.

आमचेही तसेच झाले. वर्गात मुले गप्प बसत. प्रश्न विचारला की खाली बघत. आम्ही 'अप्रगत' असा शेरा लिहीत गेलो; लिहिताना हात थांबला नाही. रोझरीत रोजचा हेतू एकच, वसईकडे लवकर परत जाता यावे. त्या मुलांसाठी एक 'नमो मरिया'सुद्धा म्हटली नव्हती, हे आज सांगताना संकोच वाटतो.

एकदा मधल्या सुट्टीत तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला गोष्ट सांगत होती. लांबलचक, हातवारे करून, आवाज बदलून. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. आम्हाला तिची निम्मी गोष्ट कळली नाही, कारण ती वारलीत बोलत होती. आमची पुस्तकी मराठी तिला तितकीच परकी होती. आणि आम्ही कोण? घरी कादोडी बोलत वाढलेलो, शाळेत बोलण्यावरून हसू झालेले!

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली लिस्बनमार्गे गोव्याला आले तेव्हा सुमारे तीस वर्षांचे होते. येथील भाषा त्यांना मोठेपणी शिकावी लागली. १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, लोकांच्या ओळखीच्या छंदात. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले. शिकवायला आलेल्या माणसाने आधी इतकी वर्षे शिकण्यात घालवली. आम्हाला तर जव्हार शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेही आपल्याच राज्यात.

तेराव्या अध्यायात अब्राम मिसरहून परततो. तो नवी वेदी बांधत नाही. बेथेलजवळ पूर्वी बांधलेल्या वेदीपाशी येतो आणि तेथेच परमेश्वराचे नाव घेतो. त्या संध्याकाळी फळीवरच्या क्रूसापुढे आम्ही हेतू बदलला. दुसऱ्या दिवशी एक कोरी वही घेऊन वर्गात गेलो आणि पाणी, भात, पाऊस, आई यांना तुम्ही काय म्हणता, असे मुलांना विचारले. आधी कोणी बोलेना. मग त्याच मुलीने एक शब्द सांगितला. आम्ही तो मोठ्याने म्हणून पाहिला, चुकला. तिने दुरुस्त केला, पुन्हा चुकला. तेव्हा सगळा वर्ग पहिल्यांदा हसला.