दारूबंदीचा ठराव लिहिण्यापूर्वी

व्यसनमुक्ती सप्ताह आला की आपण प्रभातफेरी काढतो, घोषणा देतो, हात पुढे करून शपथ घेतो. त्यात वाईट काही नाही. परंतु एखाद्या माणसाने दारू सोडणे निराळे आणि दारूविषयीचे सरकारी धोरण बदलून घेणे निराळे. दुसऱ्या कामाला अभ्यास लागतो, हिशेब लागतो, आणि तो विद्यार्थी कार्यकर्त्याला कोणी शिकवीत नाही. वेवजी हे गाव डोळ्यांसमोर ठेवून या शिक्षणाचा थोडा विचार येथे केला आहे.

वेवजी तलासरी तालुक्यात, अगदी गुजरातच्या हद्दीवर आहे. १ मे १९६० रोजी जुन्या उंबरगाव तालुक्याची वाटणी झाली. उंबरगाव तिकडे गेले, तलासरीचा भाग इकडे राहिला. गंमत अशी की, दोन्हीकडील दारूच्या कायद्याचे मूळ एकच, म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. गुजरातने त्यातील बंदी ठेवली; महाराष्ट्राने तोच कायदा ठेवून परवान्यांची दारे उघडली. म्हणजे कायद्याच्या नावावरून धोरण कळत नाही. परवाना कोण देतो, शुल्क कोणाला मिळते आणि पोलीस कोणाच्या दारात जातात हे पाहावे लागते. कार्यकर्त्याचा पहिला धडा हाच.

दुसरा धडा इतिहासाचा. आदिवासी दारू पितो म्हणून कर्जात बुडतो, हे वाक्य आपण निबंधांत लिहीत आलो. पण १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर घरी दारू गाळणे गुन्हा झाले, ताडाच्या झाडांवर कर बसला आणि विक्री मक्तेदारांच्या हाती गेली. १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. ज्या फुलावर गरिबाचे पोट चालते ते घरात ठेवणे अपराध ठरले! महाराष्ट्र शासनाने मोहफुलांवरील निर्बंध उठविले ते २०२१ मध्ये. घरची वस्तू बंद आणि दुकानाची चालू, अशी ही व्यवस्था होती. कर्ज वाढले ते तिच्यातून.

या व्यवस्थेविरुद्ध आपल्याच किनाऱ्यावर मोठी चळवळ झाली, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून देवीचा संचार सुरू झाला आणि डहाणू, उंबरगावमार्गे सुरत जिल्ह्यात पसरला. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगे : दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्या मालकाच्या कामावर जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात हा इतिहास मांडला आहे. त्या लोकांजवळ ना छापील पत्रक होते ना अध्यक्ष. तरी दुकाने ओस पडली. पुढे मात्र सुरतेकडील गावांत पाळणारे आणि सोडणारे, वरजेला व सरजेला, असे दोन तट पडले. माझ्या मते संचाराने माणसे एकत्र आली, पण निर्णय टिकविणारी बैठक मागे राहिली नाही. २३ मे १९४५ च्या झरी येथील सभेनंतर गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेने हेच साधले. वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे मजुरी, इतकी मोजकी मागणी होती. ती प्रत्येक पाड्यावर तोंडपाठ झाली.

आता आजची साधने पाहू. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. 'उभी बाटली, आडवी बाटली' ती हीच. येथे गणित नीट समजून घ्यावे. दुकान बंद होण्यास एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. समजा यादीत ४०० स्त्रिया आहेत, २५० आल्या आणि १९० जणींनी बाटली आडवी केली. टाळ्या वाजतील, पण दुकान चालूच राहील, कारण २०१ मते हवी होती. म्हणजे घरी राहिलेली स्त्री दुकानाच्या बाजूनेच मोजली जाते. आपल्याकडे दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात, आणि पुष्कळ मुली-बाया रोज उंबरगावच्या कारखान्यांत कामाला असतात. तेव्हा मतदानाची तारीख हाच अर्धा विजय किंवा पराभव. मतदार यादी घेऊन पाड्यापाड्याने कोण कधी घरी असते याचा तक्ता करणे, हे काम विद्यार्थी उत्तम करू शकतो.

दुसरे साधन १९९६ चा पेसा कायदा. तलासरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. येथे मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालणे किंवा नियंत्रण ठेवणे हा अधिकार ग्रामसभेपर्यंत आणलेला आहे. 'बंदी किंवा नियंत्रण' यातील 'किंवा' महत्त्वाचा. गांजाचे तसे नाही. त्यासाठी १९८५ चा केंद्रीय कायदा आहे, आणि तो बदलायचा तर दिल्लीचे दार ठोठवावे लागेल. मात्र स्वतःहून उपचार घेऊ पाहणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारे कलम त्यात आहे, एवढे तरी आपण गावात सांगितले पाहिजे.

सरसकट बंदी मागावी काय? गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ मध्ये दारूबंदी झाली आणि ती आजही आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये झाली, ती २०२१ मध्ये शासनाने उठविली. २०१५ मध्येच मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली; त्या दारूत मिथेनॉल होते. एकाच उदाहरणावर बोलणाऱ्या वक्त्यापासून सावध राहावे, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

आम्ही काही मित्रांनी वर्गात सराव म्हणून ग्रामसभा भरविली. एक ग्रामसेवक झाला, एक दुकानदार, दोघी गावकरी बाया. मी मोठ्या उत्साहाने 'सर्व मादक पेये बंद' असा ठराव लिहिला होता. तो घरी आत्याला वाचून दाखविला. ती ताडी विकून घर चालविते. लग्नात आणि देवकार्यात तिच्याकडचीच ताडी जाते. तिने एवढेच विचारले की दुकान बंद होईल तेव्हा होईल, पण पोलीस आधी तिची मडकी फोडतील की दुकानदाराच्या बाटल्या? मला उत्तर देता आले नाही. ती ताडी कायद्यात बसत नाही हे मला माहीत होते. आणि तिच्या मडक्यांपुढे रोजचा पगार ठेवणारे शेजारीही मला माहीत होते.

१९७० च्या दशकात केंद्र सरकारने आदिवासी भागांतील अबकारी धोरणासाठी जी सूत्रे दिली, त्यांत हाच भेद होता : व्यापारी विक्री थांबवावी, घरगुती व धार्मिक वापरापुरते पारंपरिक पेय असू द्यावे. त्या सूत्रातही आत्या पुरती बसत नाही, कारण ती विकते. म्हणून आता ठरावाचे दोन भाग केले आहेत. पहिल्यात दुकानाची बंदी आहे. दुसऱ्यात ताडीवर ग्रामसभेचे नियंत्रण : भेसळ नको, मुलांना विक्री नको, उधारीवर नको. हा दुसरा भाग कायद्याच्या कसोटीला किती उतरेल हे जाणकार प्राध्यापकांनी तपासून द्यावे, अशी विनंती आहे. उधारीचे कलम मात्र आत्यानेच घालायला लावले.